मदत हवी आहे: ऑफसेट तव्यांचा हॅरो डावीकडे ओढतो, ढेकळं राहतात. वजन किती वाढवू?

फाळकुट
१४ तव्यांचा ऑफसेट हॅरो आहे, म्हणजे सात-सात तव्यांच्या दोन तिरक्या रांगा, एकीमागे एक. चालताना डावीकडे सरकतो, उजवीकडे वरंबा टाकतो, डावीकडे चर सोडतो आणि दोन पाळ्या मारूनही ढेकळं तशीच राहतात. फ्रेम जुनी झालीय, म्हणून नवी करतोय. चॅनेल कापून ठेवलेत, उद्या वेल्डिंग आहे. पुढच्या रांगेवर वजनाची पेटी बसवायची ठरवली आहे. किती किलो पुरेल, एवढंच सांगा. पेरणी तोंडावर आहे.

वाफसा_पाहा
जमीन कोणती? नांगरट होऊन किती दिवस झाले? ओलावा किती? हे कळल्याशिवाय ढेकळांबद्दल काहीच सांगता येणार नाही. तव्याच्या खोलीतली माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळी झाली तर वाफसा आहे. आख्खाच राहिला तर ओल जास्त आहे, अशा वेळी तवा माती फोडत नाही, नुसत्या वड्या कापतो आणि त्याच वाळून दगड होतात. मुळात गोळाच होत नसेल तर वाफसा निघून गेलाय, मग वजन कितीही टाका, ढेकूळ तव्याखाली लोळत राहणार.

तवाधार
तवे केवढे? दोन तव्यांत अंतर किती? एकूण वजन? ट्रॅक्टर किती एचपीचा? दोन्ही रांगांचा कोन (ओढीच्या रेषेच्या काटकोनापासून रांग किती तिरकी)? आणि चालवताना स्टिअरिंग कुठल्या बाजूला धरावं लागतं?

फाळकुट
काळी भारी जमीन. मुठीचा गोळा फुटतो. ४५ एचपी. अंतर २२५ मिमी. वजन ४५० किलोच्या आसपास. स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं. कोन मोजला नाही, पुढची रांग शेवटच्या, म्हणजे सगळ्यात जास्त कोनाच्या भोकात आहे. वजनाचं सांगा ना.

रोटाप्रेमी
एवढी डोकेफोड कशाला? रोटाव्हेटर लावा, एका पाळीत पेरणीजोगी माती होते. तव्यांच्या हॅरोचे दिवस गेले.

पास_आणि_जानवळी
रोटाव्हेटरने भारी जमिनीचं पीठ होतं आणि पहिल्या जोरदार पावसात त्याची पापडी धरते. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर पाती फिरली की खाली तळ घट्ट होतो, पाणी तिथेच अडतं. ढेकळं फुटल्यावर वखराची एक पाळी पुरते. पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, जमिनीलगत सरकते, तणाची मुळं कापते, वरची माती मोकळी करते आणि खालची ओल जागेवर राहते. फक्त पास जानवळ्यांत (तिला धरणाऱ्या खुंट्यांत) घट्ट हवी. सैल झाली की धार वर उचलते आणि वखर नुसता घासत जातो.

रोटाप्रेमी
पीठ होतं ते गिअर चुकीचा टाकल्यामुळे. पीटीओ (ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) ५४० फेऱ्यांवरच ठेवा, पण ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये चालवा. दर चकरेला पातं मातीचा मोठा घास घेतं आणि रवाळ माती मिळते. मागची फळी वर उचलून ठेवली की आणखी जाड राहते. आणि नांगरटीनंतर चार बोटं खोल वखराने भारी जमिनीतली ढेकळं फुटतात म्हणता?

पास_आणि_जानवळी
फोडायला नाही म्हणालो. "ढेकळं फुटल्यावर" असं लिहिलंय, वाचा.

तोलकर
वखर आणि रोटाव्हेटर बाजूला ठेवा, धागा हॅरोचा आहे.

फाळकुट, तुमचा प्रश्न वजनाचा नाही, तोलाचा आहे. पुढची रांग माती उजवीकडे फेकते, त्यामुळे माती त्या रांगेला डावीकडे रेटते. मागची रांग माती डावीकडे परत आणते, तिला रेटा उजवीकडे बसतो. दोन्ही रेटे सारखे असले की हॅरो सरळ चालतो. तुमचा डावीकडे सरकतो, म्हणजे पुढची रांग जास्त माती उचलतेय आणि मागची कमी. वरंबा उजवीकडे आणि चर डावीकडे का, तेही यातूनच कळतं: पुढच्या रांगेने उजवीकडे नेलेली माती मागची रांग परत आणत नाही. हॅरो ट्रॅक्टरचा मागचा भाग डावीकडे ओढतो, तोंड उजवीकडे वळतं, म्हणून तुम्हाला स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं. सगळ्या खुणा एकाच कारणाकडे बोट दाखवतायत.

पुढच्या रांगेवर पेटी टाकली तर ती आणखी खोल जाईल आणि ओढ वाढेल. पेटी थांबवा. पुढच्या रांगेत नुकतंच काही बदललंय का?

फाळकुट
पुढचे सात तवे नवे टाकलेत, ६१० मिमी व्यासाचे कातरलेले, म्हणजे कडेला खाचा असलेले. मागचे ५६० चे साधे आहेत, झिजलेले नाहीत. पण याचा काय संबंध? कातरलेले जास्त चांगले कापतात म्हणून टाकले.

तवाधार
सगळा संबंध तिथेच आहे. व्यासात ५० मिमीचा फरक म्हणजे त्रिज्येत २५ मिमी. फ्रेम समतल असली तरी मागचे तवे पुढच्यांपेक्षा २५ मिमी वर लटकतात. सपाट फरशीवर हॅरो टेकवून बघा, मागच्या तव्यांखाली २५ मिमीची पट्टी आरपार जाईल. नुसती टॉप लिंक (ट्रॅक्टरची वरची जोडणी) लांब करून हे निघणार नाही, फ्रेम मागे झुकेल आणि तव्यांचा कापही बदलेल.

उपाय: मागच्या रांगेच्या प्रत्येक बेअरिंगचा ब्रॅकेट आणि बीम यांच्यामध्ये २५ मिमी जाडीचा पॅकिंग तुकडा. त्या रांगेच्या सगळ्या ब्रॅकेटना सारखाच, नाहीतर गज बोल्ट (ज्यात रांगेतले सगळे तवे ओवलेत तो दांडा) वाकेल. बोल्टही तेवढेच लांब घ्या.

कातरतवा
पॅकिंगची भानगड नको. मागेही ६१० चे कातरलेले टाका. काडीकचरा, धसकटं सगळं कापलं जातं.

तवाधार
मागे कातरलेले कशाला? कचरा पुढच्या रांगेने कापून झालेला असतो. कातरलेल्या तव्याची कड कमी जागेवर टेकते म्हणून घुसतो चांगला, पण झिजतोही लवकर आणि दगडाळ रानात दाते तुटतात. मागचं काम माती परत फिरवून सारखी करणं. ते साधा तवा बरा करतो. आणि ५६० चे चांगले असताना सात तवे फेकून द्यायचे कशासाठी?

कातरतवा
व्यास मोठा की खोली मोठी. तवा व्यासाच्या चौथाईइतकाच खोल जातो, म्हणजे ५६० चा १४ सेंमी आणि ६१० चा १५ सेंमी. दोन्ही रांगा सारख्या हव्यात.

तवाधार
पेरणीपूर्व मशागतीला १०-१२ सेंमी पुरतात. त्या एका सेंमीसाठी सात तवे घ्यायला नकोत.

गजबोल्ट
सगळेजण गज बोल्ट विसरलेत. चौकोनी गजाची नट नवी आवळली की अर्धा दिवस चालवून पुन्हा आवळायची. तवे आणि स्पूल (दोन तव्यांत अंतर राखणारी नळकांडी) यांच्यात रंग, मुरूम किंवा बर (धातूची खरबरीत कड) राहिली की ती दबते आणि रांग सैल पडते. सैल रांगेत तव्याचं चौकोनी भोक गोल होतं, मग तवा थरथरतो आणि शेवटी गज आट्यांपाशी तुटतो. तवे हाताने फिरवा, सगळी रांग एकदमच फिरली पाहिजे. एखादाच तवा हलला तर रांग सैल आहे. स्क्रेपर (तव्यावरची माती खरवडणारी पट्टी) तव्यापासून ३ ते ६ मिमीवर ठेवा.

फाळकुट
गज ठीक आहे, ते विचारलंच नव्हतं. पॅकिंग समजलं. मग नव्या फ्रेमला भोकं कुठे पाडू? कोन किती ठेवू?

मोठा_कुळव
पुढची रांग कडक जमीन फोडते, म्हणून तिचा कोन जास्त ठेवायचा. मागची फक्त भरते, तिला कमी चालतो. पुढे २२ अंश, मागे १६.

तोलकर
उलटं आहे, आणि फाळकुट यांच्या तक्रारीत याचाही वाटा असू शकतो. मागची रांग आधीच मोकळ्या झालेल्या मातीत चालते, तिथे तव्याला धरायला घट्ट माती कमी. म्हणून तेवढाच बाजूचा रेटा मिळवायला तिचा कोन पुढच्यापेक्षा जास्त लागतो. पुढची शेवटच्या भोकात आणि मागची कमी कोनात असेल, तर २५ मिमीच्या फरकात आणखी भर पडते.

कोन मोजायला कोनमापक नको. सात तवे, २२५ मिमी अंतर, म्हणजे पहिल्या ते सातव्या तव्याच्या मध्यांत १३५० मिमी. ओढीच्या रेषेला काटकोनात दोरी ताणा आणि पहिला तवा सातव्यापेक्षा किती पुढे किंवा मागे आहे ते मोजा. ३५० मिमी भरलं तर साधारण १५ अंश, ४१७ ला १८, ४६२ ला २०, ५०६ ला २२. सुरुवातीला पुढची १८ आणि मागची २० वर ठेवा.

१५ च्या खाली तवा नीट धरत नाही, नुसता लोळतो. २५ च्या वर तो फिरायचा कमी होतो, माती पुढे रेटतो, ओढ वाढते आणि खोली तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. भोकं एका टोकाच्या खुंटीभोवतीच्या कमानीवर पाडा. १३५० मिमी त्रिज्येला दर अंशाला साधारण २३-२४ मिमी येतात. दोन्ही रांगांना १५ ते २४ अंशांपर्यंत, दर दीड अंशाला एक भोक ठेवा. एकच पक्का कोन ठेवून वेल्ड करू नका. ओल, कचरा, झीज यांनी तोल बदलतो आणि प्रत्येक वेळी फ्रेम कापत बसावी लागते.

मोठा_कुळव
पण मागे जास्त कोन दिला की मागून वरंबा पडतो ना?

तोलकर
पडतो, मागची पुढच्यापेक्षा फारच जास्त झाली तर. मग वरंबा डावीकडे जातो आणि हॅरो उजवीकडे ओढतो. वरंबा कुठे पडतोय ते बघून एकेक भोक सरकवायचं.

फ्रेम बनवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट. दोन्ही रेटे सारखे झाले तरी ते एकाच रेषेत नसतात. पुढचा डावीकडे, मागचा उजवीकडे, मध्ये दोन रांगांमधलं अंतर. त्यामुळे हॅरो फिरू पाहतो. ते थोपवायला त्याचा मध्य ओढीच्या रेषेच्या उजवीकडे असावा लागतो, ऑफसेट म्हणतात ते यालाच. किती उजवीकडे? एका रांगेचा रेटा गुणिले दोन रांगांमधलं अंतर, भागिले एकूण ओढ. समजा रेटा २०० किलो, अंतर ९० सेंमी, ओढ ६५० किलो, तर २७-२८ सेंमी. म्हणून जोडणीची प्लेट मध्यावर पक्की वेल्ड न करता डावी-उजवी सरकणारी, बोल्टची ठेवा. रांगा जवळ आणल्या तर हा सरकाव कमी लागतो, पण फार जवळ आणल्या की मध्ये कचरा अडकतो.

फाळकुट
माझी जोडणी बरोब्बर मध्यावर आहे.

तोलकर
मग सध्या तो फिरायचा जोर खालच्या लिंकच्या चेन पेलतायत आणि त्यातला काही स्टिअरिंगवर येतोय.

दातेरी
हॅरो घडवताना दात्यांची मांडणी सगळ्यात महत्त्वाची. चार पट्ट्या घ्या, प्रत्येकीवर २०० मिमी अंतराने दाते, आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा ५० मिमी सरकवून. म्हणजे दर ५० मिमीला एक रेघ पडते आणि दोन दाते एकाच रेघेत येत नाहीत. साखळी आखूड झाली की पुढची पट्टी उचलते, तेव्हा लांब ठेवा.

वाफसा_पाहा
हे दातेरी कुळवाचं झालं, इथे तव्यांचा चाललाय. पण तत्त्व कामाचं आहे: मागच्या रांगेचे तवे पुढच्यांच्या रेघांच्या मध्ये पडले पाहिजेत. २२५ मिमी अंतर असेल तर मागची रांग ११२ मिमी बाजूला. एकाच रेघेत पडले तर मधलं ढेकूळ तसंच राहतं, पाळ्या कितीही मारा. फाळकुट, हे तपासलंत का? हॅरो तिरका चालत असेल तर फरशीवर जमलेली रेघ शेतात जमत नाही. म्हणून आधी तोल, मग रेघा.

फाळकुट
शेतात एक पाळी मारून पाहिली. काही रेघा एकावर एक पडतात. बरं, मग वजन वाढवायचंच नाही का?

तवाधार
आत्ता नाही. तव्यामागे किती किलो पडतात ते बघतात. ४५० भागिले १४ म्हणजे ३२ किलो. ट्रॅक्टरला जोडलेल्या हलक्या हॅरोला हे चालतं. भारी जमिनीत ओढ साधारण हॅरोच्या वजनाच्या दीडपट धरा, मध्यम जमिनीत सव्वापट, हलक्या वाळूमिश्रित जमिनीत पाऊणपट. म्हणजे तुमची ओढ ६७५ किलो, ताशी ६ किमीला १५ एचपी ओढीचे. १५० किलो वाढवले तर २० एचपी. ४५ चा ट्रॅक्टर ओढेल, पण चाकं घसरायला लागतील. शिवाय मागे लटकणारं वजन पुढची चाकं हलकी करतं, तेव्हा तोंडाकडेही वजन लागेल. तोल जमल्यावरही खोली कमी पडली तर दोन्ही रांगांच्या मध्यावर ५० किलो टाकून बघा. पेटी एका रांगेवर कधीच नको.

फाळकुट
पॅकिंग टाकलं, पुढची १८, मागची २० वर बांधली, जोडणी सरकवली. हॅरो आता ट्रॅक्टरच्या मध्यापासून थोडा उजवीकडे चालतोय. स्टिअरिंग सुटं राहतंय, ढेकळं बरीच फुटली. उजव्या कडेला बारीक वरंबा अजून आहे.

तोलकर
वेग किती? ८ च्या वर असाल तर ६ वर आणा, जास्त वेगात पुढच्या रांगेचा कडेचा तवा माती मागच्या रांगेच्या आवाक्याबाहेर फेकतो. तरी राहिला तर पुढच्या रांगेचा उजवीकडचा शेवटचा तवा ५६० चा घाला. आणि फ्रेम आडवी समतल आहे का? उजवी कड खोल जात असेल तर उजव्या उचल दांड्याची चकरी फिरवून वर घ्या. आधी हे बघा, मग तवा बदला.