मदत हवी आहे: आयलंडिंग (ग्रिडपासून तुटलेल्या फीडरला प्रकल्पाने एकट्यानेच वीज पुरवत राहणे) ओळखण्यासाठी फेज कोनाची मर्यादा कशी ठरवावी?

आमच्या ११ केव्ही फीडरवरील सौर प्रकल्पात आणि उपकेंद्रात, जीपीएसवरून वेळ जुळवलेली व सेकंदाला ५० नोंदी देणारी पीएमयू (फेज कोन व वारंवारता मोजणारी उपकरणे) बसवलेली आहेत. निर्मिती आणि भार जवळपास सारखे असताना फीडरचा ब्रेकर उघडला, तर वारंवारता इतकी कमी हलते की तिच्या बदलाचा दर पाहणारा रिले गप्प राहतो. त्याचे सेटिंग खाली आणल्यावर दूरच्या बिघाडातही प्रकल्प विनाकारण तुटतो. म्हणून दोन्ही टोकांच्या फेज कोनांतील फरक तपासला, आणि मला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण वारंवारतेत अवघा ०.०२ हर्ट्झचा फरक राहिला तरी दोन सेकंदांत कोन १४.४ अंश सरकतो. आयईईई १५४७ या ग्रिड-जोडणीच्या मानकात आयलंडिंग ओळखून प्रकल्प तोडण्याची मुदतही दोन सेकंदांचीच आहे. इन्व्हर्टरच्या सेटिंगला हात लावण्याची मुभा नाही. मग कोनाची मर्यादा किती अंश ठेवावी, आणि ती सलग किती नोंदींत ओलांडली गेल्यावर ट्रिप द्यावे?