मदत हवी आहे: वॉरंटी संपलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी गेली, पॅक बदलू की गाडी विकू?

थिवीकर
गाडीची बॅटरी गेलीय. सर्विस सेंटरवाले म्हणतात पूर्ण पॅक बदला, साडेपाच लाख आणि वर टॅक्स, पॅक यायला दीड-दोन महिने. गाडी वॉरंटीबाहेर आहे म्हणून कंपनी एक रुपया देणार नाही असं तोंडी सांगितलं. आज बाजारात गाडीला चार लाखसुद्धा कोण देणार नाही. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय, बाजार, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान, पाहुण्यांची ने-आण सगळं ह्याच गाडीवर आहे. पॅक बदलू, बाहेर रिपेर करू की आहे तशी विकून टाकू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, लवकर सांगा प्लीज.

फोंडा_गॅरेज
बॅटरी गेली म्हणजे नेमकं काय? गाडी सुरूच होत नाही, चार्ज घेत नाही की रेंज पडली? साल कुठलं, किलोमीटर किती, डॅशबोर्डवर काय येतं? आणि आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा. ती बसली की मोठ्या पॅकचे काँटॅक्टर (त्याला गाडीशी जोडणारे स्विच) लागत नाहीत आणि लोक घाबरून पॅक गेला म्हणतात.

डिझेलच_बरं
विका आणि पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. पावसाळ्यात अर्धा दिवस लाईट नसते आमच्याकडे, तिथे इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीच कशाला.

थिवीकर
घ्यायची का नाही हे मी विचारलेलं नाही. १२ व्होल्टची नवीन टाकली, ते कारण नाही. गाडी चालते. १०० वरून ३५ टक्क्यांपर्यंत ठीक येते, मग म्हापशाहून घरी येताना किंवा पर्वरीच्या चढणीला जरा जोर दिला की डॅशबोर्डवर कासव (ताकद कमी केल्याचा दिवा) पेटतं आणि आकडा थेट ६ वर. थोडा वेळ उभी केली की परत १८-२० दाखवते. २०२० ची गाडी, सेकंड हँड घेतलेली.

सेलवाला
हे महत्त्वाचं आधी लिहायला हवं होतं. पॅकमधले सेल एकामागे एक सिरीजमध्ये असतात, त्यामुळे सगळ्यात कमकुवत सेल जिथे संपतो तिथे बीएमएस (बॅटरी सांभाळणारा कंट्रोलर) अख्ख्या गाडीची ताकद कापतो, बाकीच्या सेलमध्ये चार्ज शिल्लक असला तरी. चढणीला करंट वाढला की त्या सेलचा व्होल्टेज कोसळतो, उभी केली की सावरतो. तुमची लक्षणं तीच आहेत, म्हणजे पूर्ण पॅक मेलाय असं होत नाही. सेलची केमिस्ट्री कुठली, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) की एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट)? एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे बरेच दिवस १०० टक्के चार्ज केली नाही तर आकडाच चुकतो आणि अशाच उड्या मारतो.

थिवीकर
एनएमसी. दर रविवारी फुल चार्ज होतेच.

म्हापसा_मामा
माझ्या मेव्हण्याने ई-रिक्षाचा पॅक उघडून खराब सेल काढून नवीन लावले, १५ हजारात काम झालं, दोन वर्षं चालतेय. तुमच्या ओळखीत कोण वायरमन असेल तर घरीच उघडा, यूट्यूबवर सगळं आहे. साडेपाच लाख म्हणजे लूट आहे.

फोंडा_गॅरेज
मामा, हे असलं कृपा करून कोणाला सांगू नका. ई-रिक्षाचा पॅक ४८ किंवा ६० व्होल्टचा, गाडीचा तीनशेच्या वर, आणि तोही डीसी. सर्विस प्लग (पॅकची वीज तोडणारा) काढून, कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबून, १००० व्होल्टचे इन्सुलेटेड ग्लोव्हज घालून, मीटरवर शून्य बघूनच हात लावायचा असतो. मी इलेक्ट्रिक गाड्यांची कामं करतो म्हणून जीव तोडून सांगतोय. प्लग काढला तरी पॅकच्या आत सेलमध्ये व्होल्टेज राहतंच.

म्हापसा_मामा
तुम्हाला धंदा हवाय म्हणून घाबरवताय.

फोंडा_गॅरेज
त्यांनी गाडी माझ्याकडे नाही आणली तरी चालेल. घरी उघडू नका एवढंच म्हणणं आहे.

बेळगाव_रिटर्न
बाहेर एलएफपीचा नवीन पॅक बनवून देणारे आहेत, निम्म्या पैशात होतं, एलएफपी जास्त टिकते आणि उन्हात जास्त सेफ. मी असतो तर तेच केलं असतं.

सेलवाला
अर्धवट सल्ला आहे हा. एनएमसीचा सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, एलएफपीचा ३.६५ ला. सेलची संख्या, बीएमएस, चार्जरची सेटिंग, पॅकचं वजन सगळं बदलतं. गाडीचा मूळ कंट्रोलर त्या बीएमएसशी बोलला नाही तर फास्ट चार्जिंग विसरा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत. उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिलं हेच विचारेल.

काणकोणकर
सगळ्यांनी घरच्या चार्जिंग पॉइंटचं अर्थिंग तपासा. समुद्राजवळ खाऱ्या हवेने रॉड गंजतो. आमच्याकडे अर्थिंग नीट नव्हतं म्हणून चार्जर मध्येच बंद पडायचा आणि सगळे बॅटरीला दोष देत होते. वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) लावलाच पाहिजे. सोलर कोणी लावलंय का, किती किलोवॅट पुरतो?

थिवीकर
काणकोणकर, सोलरचा वेगळा धागा काढा ना. मला फक्त सांगा पॅक, रिपेर की विक्री.

वकीलताई_पर्वरी
एक कळलं नाही. २०२० ची गाडी, आणि आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी असते. मग संपली कशी? किती चालली? आणि हिरव्या नंबरप्लेटवरची अक्षरं पांढरी की पिवळी? पिवळी म्हणजे भाड्याची, तिच्या अटी बहुतेक वेगळ्या असतात.

थिवीकर
पांढरी. माझ्या आधी बंगळूरला एका ऑफिसच्या नावावर होती. १ लाख ७१ हजार झालेत. वर्षं शिल्लक आहेत पण जे आधी संपेल ते.

वकीलताई_पर्वरी
मग ऐका, माझ्या मते सगळ्यात आधी हेच करायचं. गाडीची जुनी सर्विस हिस्टरी मागा, प्रत्येक जॉबकार्डची (सर्विसच्या वेळी लिहिलेल्या तक्रार-कामाच्या नोंदीची) प्रत. १ लाख ६० हजाराच्या आत कोणी रेंजची किंवा चार्जिंगची तक्रार नोंदवली असेल तर दोष वॉरंटीतच सुरू झाला होता असं म्हणता येतं. वॉरंटी पुस्तिकेत क्षमता किती टक्क्यांखाली गेली की दोष धरतात आणि दुसऱ्या मालकाला वॉरंटी मिळते का, ही दोन वाक्यं शोधा. तोंडी नकार घेऊन येऊ नका, ईमेलवर घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण तिथेच चालतं आणि दोन वर्षांच्या आत दाखल करावं लागतं.

बेळगाव_रिटर्न
कोर्टकचेरीत चवथ सोडा, पुढची दिवाळी निघून जाईल.

वकीलताई_पर्वरी
मी लगेच केस करा म्हटलेलंच नाही. कागद हातात असला की बोलणं बदलतं, साडेपाच लाख द्यायच्या आधी एवढं करायला काय हरकत आहे.

सेलवाला
त्यासोबत सेलचा रिपोर्ट पण घ्या. स्कॅनरवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसतो. फुल चार्जला, ३० टक्क्यांच्या आसपास, आणि गाडी जोरात पळवताना, तिन्ही वेळचा. नुसता उभ्या गाडीचा घेतलात तर काहीच कळणार नाही.

थिवीकर
आज अर्धा दिवस तिथेच बसलो, आधी देत नव्हते. रिपोर्ट असा की ९६ पैकी ९४ सेल जोर देताना ३.४ च्या आसपास, दोन सेल २.८ वर येतात आणि दोन्ही एकाच मॉड्यूलमध्ये (पॅकमधला सेलचा एक गठ्ठा). इन्सुलेशन ठीक. सुटं मॉड्यूल मिळेल का विचारलं तर म्हणतात आमच्याकडे फक्त पूर्ण पॅकचा पार्ट नंबर आहे. आणि जुन्या जॉबकार्डात १ लाख ४८ हजाराला "रेंज अचानक कमी, चढावर पॉवर नाही" लिहिलंय, पुढे "सॉफ्टवेअर अपडेट केले"!

फोंडा_गॅरेज
म्हणजे ९४ सेल चांगले आहेत आणि पैसे मागतायत ९६ चे. मॉड्यूल बदलून काम होऊ शकतं, पण कोरं नवीन मॉड्यूल जुन्यांमध्ये लावू नका, क्षमता जुळत नाही आणि बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीवर आणणं) कायम मागे पडतं, ते अगदी बारीक करंटवर चालतं. तेवढ्याच चाललेल्या पॅकमधलं, क्षमता मोजून जुळवलेलं मॉड्यूल हवं. करणाऱ्याकडून टेस्टचे आकडे आणि निदान वर्षभराची गॅरंटी लेखी घ्या. पॅक परत बंद करताना सील नवीन लावतात का ते विचारा, आपल्या पावसात पाणी शिरलं तर चांगले सेल पण जातील.

वकीलताई_पर्वरी
थांबा, बाहेर पॅक उघडलात की वॉरंटीचा दावा संपला. आधी जॉबकार्ड आणि रिपोर्ट जोडून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा, १५ दिवसांची मुदत द्या. नकार आला तर मॉड्यूल.

थिवीकर
पटलं. ईमेल आत्ताच पाठवला. विकायचं सध्या डोक्यातून काढलं, दोन सेलसाठी गाडी भंगाराच्या भावात घालवणार नाही. चवथीला भावाची गाडी मागतो. तोपर्यंत ही घरी उभी ठेवू ना?

फोंडा_गॅरेज
ठेवा, पण ६ टक्क्यांवर नाही, ते दोन सेल अजून खाली गेले तर गाडी चार्जच घेणार नाही. स्लो चार्जरवर ५० पर्यंत आणा आणि आठवड्याने आकडा बघत जा. न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडवरच, चारही चाकं वर. दोरीने ओढू नका, चाकं फिरली की मोटर वीज तयार करते.

काणकोणकर
सोलरचा धागा काढलाय, तिकडे या.