आयर्लंडमधील मूळ घरी गेल्याचे अनुभव

डब्लिन
काल शेजारच्या धुराड्यातून टर्फचा, म्हणजे दलदलीतून कापून उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचा, धूर आला आणि मेयो परगण्यातील सासऱ्यांच्या मूळ घराची आठवण झाली. छप्पर कधीच कोसळले होते आणि चुलीच्या जागी अ‍ॅशचे झाड वाढले होते. सासऱ्यांनी उंबऱ्यापाशी टोपी काढली. मागच्या उतारावर बटाट्याचे जुने वाफे तिरप्या उन्हात गवताखालूनही दिसत होते. १८४५ साली त्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली, त्याहून अधिक देश सोडून गेली. "इथे पुन्हा कोणी बियाणे लावले नाही," एवढेच ते म्हणाले. आपणही लिहावे.

गॉलवे
घर शोधताना परगण्याचे नाव पुरत नाही, 'टाउनलँड' माहीत असावा लागतो. आपल्याकडच्या वाडीसारखा तो असतो आणि संपूर्ण आयर्लंड बेटावर असे साठ हजारांहून अधिक आहेत. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलाच्या आगीत जळाले. मात्र १९०१ आणि १९११चे अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराने विनामूल्य खुले केले आहेत आणि त्यांत भिंती, छप्पर, एवढेच नव्हे तर दर्शनी खिडक्याही मोजलेल्या आहेत. पत्नीच्या पणजोबांच्या नोंदीत तीन खिडक्या होत्या, आम्हाला दोनच दिसल्या. तिसरी दगडांनी बुजवलेली होती आणि आतून तिचा कोनाडा झाला होता. त्याच कुटुंबाच्या १९११च्या अर्जात 'झालेली मुले नऊ, हयात पाच' असे आहे. पत्नी त्या कोनाड्यात हात ठेवून बराच वेळ उभी होती.

कॉर्क
खिडकीचे वाचून भरून आले. आमच्या घराचा चुलतघराण्याने गोठा केला आहे. मला वाईट वाटले, पण सासूबाई म्हणाल्या की गुरे आहेत म्हणून छप्पर शाकारले जाते. बाकी उद्या लिहिते, मुलांची शाळा सुटली आहे.

मालवण
माझा अनुभव उलट दिशेचा आहे. आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर डिसेंबर २०१९मध्ये वडिलांच्या गावी, आमच्या तालुक्यातील वराडला, कुटुंबासह आले होते, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. माझ्या आईला त्यांच्या पदापेक्षा ते घरी आले याचेच अप्रूप होते. डब्लिनच्या ताई, सासऱ्यांनी त्या घरातून काही आणले का?

डब्लिन
नाही ताई, दगडसुद्धा उचलला नाही. जमीन आता दुसऱ्यांची आहे. निघताना तिथला शेतकरी भेटला, आत मेंढ्या आहेत म्हणून फाटकाची कडी नीट लावा असे त्याने सांगितले आणि मग विचारले, "तुम्ही कोणाचे?" सासऱ्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, आजोबांचे सांगितले.