सेल्फ मारताना मधूनच 'खर्रर्र' आवाज: सेल्फ बदलू की फ्लायव्हीलची रिंग?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलेंडर, मॅन्युअल गिअर, 1 लाख 12 हजार किमी. गेले तीन आठवडे सेल्फ मारला की मधूनच फरशीवर पत्रा ओढल्यासारखा खर्रर्र आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. चावी सोडून पुन्हा मारली की कधी लगेच चालू, कधी चौथ्या वेळेला. मग दोन दिवस काही तक्रार नाही.

बॅटरी चांगली आहे. मीटर लावून पाहिला, उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट आणि इंजिन फिरताना 10.4. टर्मिनल साफ केली, अर्थिंगचा नट आवळला. गॅरेजवाले म्हणतात अख्खा सेल्फ बदला, ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो नुसता बेंडिक्स (सेल्फचा छोटा दातेरी गिअर, जो फ्लायव्हील या इंजिनच्या जड चाकाच्या दातेरी रिंगमध्ये अडकून इंजिन फिरवतो) बदलून भागेल. आठवड्यातून तीनदा पहाटे आईला वाईहून साताऱ्याला डायलिसिसला न्यायचं असतं, त्यामुळे फार धास्ती वाटते. सेल्फ न उतरवता ओळखायची काही खूण आहे का?

प्रतिसाद:
आधी आवाज नीट ऐका. बेंडिक्सचा क्लच घसरत असेल तर खरखर नसते, मोटर मोकळी फिरल्यासारखा गुळगुळीत 'घुंईं' येतो. बॅटरी उतरली की 'कटकटकट'. एकच ठोका पडून सगळं शांत झालं तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन ब्रश. तुमचं वर्णन दाते झिजल्याचं आहे.

चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं. म्हणून बेंडिक्स रिंगच्या ठराविक दात्यांवरच आदळतो आणि तेवढेच झिजतात. पुढच्या वेळी खर्रर्र आला की चावी बंद करा, सपाट जागी हँडब्रेक सोडून चौथा गिअर टाका आणि गाडी फक्त चार-पाच बोटं पुढे ढकला. जास्त नको, नाहीतर समोरच्या बाजूचे झिजलेले दाते पुढ्यात येतील. मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. तीन-चार दिवस दर वेळी असं केल्यावर पहिल्याच झटक्यात उचलली, तर दोष रिंगमध्ये. आणि कृपा करून खर्रर्र होत असताना चावी धरून ठेवू नका, चांगले दातेही जातील.

धागाकर्ता:
मनापासून आभार! चारही वेळा ढकलल्यावर लगेच चालू झाली. काल सेल्फ उतरवून घेतला. बेंडिक्सच्या दात्यांच्या फक्त कडा घासल्या आहेत. त्या भोकातून टॉर्च मारून, पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. समोरासमोर दोन जागी सात-आठ दाते चावल्यासारखे झाले आहेत, बाकी सगळे धड.

रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, तेव्हा क्लच प्लेटही पाहून घेईन. बेंडिक्स नवा टाकतोय, कारण घासलेला ठेवला तर नवी रिंग खाईल. आता एकच विचारायचं आहे: गॅरेजवाले पूर्ण फ्लायव्हील घ्या म्हणतात. रिंग तापवून जुन्या फ्लायव्हीलवर नीट बसवून देणारा कुणी सातारा-वाई भागात आहे का? डायलिसिसच्या मधल्या एका दिवसात काम उरकायचं आहे.