कोथरूडच्या वाफ्यातला बिनपानांचा दांडा

नमस्कार मंडळी,
पुण्याच्या घरी वाफ्यात, एप्रिल सरता सरता, जमिनीतून थेट जाड दांडा वर आलाय. पान एकही नाही, टोकाला एकच फुगीर कळी. बाजूची माती उकरली तर कंदाला कांद्यासारखे पापुद्रे. आई म्हणते लिली, माळीबुवा म्हणतात रानकांदा, उपटू का? फोटो जोडलाय.

---

ताई, माळीबुवांना आधी थांबवा. टेकड्यांवरचा रानकांदाही बिनपानांचाच फुलतो, पण त्याचा तुरा लांब असतो, मळकट तपकिरी-हिरवी फुलं दांड्यावर अंतराअंतराने लागतात. इथे सगळा ऐवज टोकाला एका वेष्टनात आहे. म्हणजे उरल्या दोनच शक्यता: हिपिॲस्ट्रम (मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची लिली) किंवा मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली. दांड्याच्या बुडाशी जांभळट ठिपके आहेत का बघा. असले तर मे फ्लॉवर. तरी शंका उरली तर फूल सुकल्यावर दांडा आडवा कापा. हिपिॲस्ट्रमचा पोकळ निघतो, मे फ्लॉवरचा भरीव.
आणि कोणीही चव घेऊन बघू नका! तिन्ही विषारी आहेत, रानकांदा तर थेट हृदयावर परिणाम करतो. चीक खाजतो, हातमोजे घाला.

---

काका, ठिपके आहेत. आज वेष्टन फाटून आत लाल ब्रशसारखं काहीतरी दिसतंय.

---

मग मे फ्लॉवरच. चार-पाच दिवसांत लाल चेंडू होईल, जवळून पाहिलं तर शेदोनशे बारीक फुलं आणि बाहेर डोकावणारे पुंकेसर.
पानं फुलासोबत किंवा मागून येतात आणि पावसाळाभर राहतात. ती हिरवी असताना कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्याच जोरावर, कापली की नुसती पानंच येतात. थंडीच्या तोंडाला ती आपोआप पिवळी पडली की पाणी बंद करा. या कंदांचा घात बहुतेक इथेच होतो: वाफा रिकामा दिसतो, माळी रोज पाणी घालतो आणि कंद कुजतो. नाहीतर कुदळीखाली येतो, म्हणून शेजारी काठी रोवून ठेवा.
हलवायचाच असेल तर थंडीत, तो झोपलेला असताना. कंदाची मान, म्हणजे वरचं निमुळतं टोक, मातीच्या पातळीला ठेवा. काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात जाड वाळू किंवा विटांचा चुरा भरपूर मिसळा.
पावसात पानं एका रात्रीत कुरतडलेली दिसली तर पानाच्या खालून बघा. पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या अळ्या असतील. फवारणी कशाला, चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका.