तू आणि व्हू : देवाला काय म्हणावे?

फ्रेंचमध्ये समोरच्याला उद्देशून 'व्हू' आणि 'त्यु' अशी दोन सर्वनामे आहेत. 'व्हू' म्हणजे आपले 'अहो-जाहो' आणि 'त्यु' म्हणजे 'अरे-तुरे', हे समीकरण मला बऱ्याच अंशी पटते. फ्रेंचमध्येही 'व्हूव्वाये' आणि 'त्युत्वाये' अशी या दोन रीतींसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत, हे तर फारच सुखद साम्य आहे. मात्र देवाच्या बाबतीत ते नेहमीच जुळत नव्हते. आपण विठ्ठलाला कित्येक शतके 'तू'च म्हणत आलो. फ्रेंच कॅथलिकांच्या 'नोत्र पेर' या प्रार्थनेत मात्र देवाला 'व्हू' म्हटले जाई, आणि 1966 साली विविध ख्रिस्ती पंथांनी मिळून स्वीकारलेल्या पाठात तिथे 'त्यु' आले.

शिकणाऱ्यांनी एवढे जरूर पाळावे की प्रौढ अनोळखी व्यक्तीशी 'व्हू'नेच सुरुवात करावी आणि 'त्यु'चा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून येऊ द्यावा.