बलोलच्या जड तेलासाठी वाफेऐवजी आग का निवडली गेली?

प्रश्न (पेट्रोलियम अभियांत्रिकीची विद्यार्थिनी):
गुजरातमधील मेहसाण्याजवळील बलोल आणि सांथल क्षेत्रांत ओएनजीसीने जमिनीखालच्या साठ्यातच तेल पेटवण्याची पद्धत वापरली, असे वाचले. जड, म्हणजे घट्ट आणि सहज न वाहणाऱ्या तेलासाठी जगभर वाफ अधिक प्रचलित असताना येथे आग का निवडली असावी? आणि जे तेल मिळवायचे तेच जाळणे तोट्याचे नाही का?

उत्तर १:
बलोलचा साठा सुमारे 1000 मीटर खोल आहे आणि त्याला भूजलाचा जोरदार रेटा आहे. तेथील तेलाची श्यानता (घट्टपणा) 150 ते 1000 सेंटिपॉइज, म्हणजे पाण्याच्या शेकडो पट असल्यामुळे पातळ पाणी तेलाला ढकलण्याऐवजी त्याला बगल देऊन विहिरीत शिरते आणि बरेचसे तेल मागे राहते. एवढ्या खोलीपर्यंत वाफ नेताना उष्णता वाटेतच गळते, शिवाय साठ्यातील दाब जास्त असल्याने वाफेची सुप्त उष्णताही (वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता) घटते. आग पेटती ठेवण्यासाठी सोडलेली हवा मात्र वाटेत थंड झाली तरी बिघडत नाही, कारण उष्णता साठ्यातच निर्माण होते. 1990 मध्ये प्रायोगिक विहिरीत ज्वलन सुरू झाले आणि 1997 पासून ही पद्धत व्यावसायिक प्रमाणात राबवली गेली. हवा साठ्याच्या उंच कडेने सोडतात, म्हणजे गरम झालेले तेल गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने उताराकडे सरकते.

तोट्याविषयी म्हणाल, तर जळतो तो मुख्यतः तेलातील सर्वांत जड अंशापासून खडकावर साचलेला कोक, म्हणजे कोळशासारखा घन अवशेष. हलके घटक आगीच्या पुढे निसटतात.

उत्तर २:
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. केवळ खोलीवरून वाफ बाद ठरवू नये. जैसलमेर जिल्ह्यातील बाघेवाला येथे साठा 1000 मीटरहून खोल असूनही ऑइल इंडिया ही तेल कंपनी चक्रीय पद्धतीने वाफ सोडते. म्हणजे एकाच विहिरीत वाफ सोडायची, काही दिवस ती मुरू द्यायची आणि मग तिथूनच तेल काढायचे. त्यामुळे दोन विहिरींमधील संपर्कावर विसंबावे लागत नाही.

विद्यार्थिनी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आग खाली टिकून आहे, हे वरून कसे समजते?

उत्तर १:
उत्पादक विहिरींतून येणारा वायू नियमित तपासतात. त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि ऑक्सिजन नगण्य असेल, तर ज्वलन नीट चालले आहे. ऑक्सिजन वाढू लागला, तर हवा न जळता निसटत आहे असे समजावे आणि तेव्हा विहिरीत स्फोटाचा धोका असल्याने ती विहीर तत्काळ बंद करावी लागते.